सुईणीच्या गावची वेस

फार मागच्या काळात, एका राजाच्या राज्यात घडलेली ही गोष्ट आहे. ज्या दिवशी बातमी आली तो दिवस रोजच्यासारखाच होता. वैशाखाचं ऊन पठारावर पसरलं होतं. बायका अंगणात कुरडया घालत होत्या. कुणाची तरी शेळी सुटली होती आणि दोन म्हाताऱ्या तिच्या मागे ओरडत धावत होत्या.

सकाळी गावात बांगड्यांची कासारीण आली. तिनं ओझं उतरवण्याआधीच सुईणीच्या दारात हाक दिली.

"सुईणआई, तोंड गोड कर. तुझ्या हौसाला दिवस गेलेत. दुसरा महिना सरत आलाय."

सुईण चुलीपुढून उठली. तिनं कासारणीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, आणि मग तिला काहीच सुचेना म्हणून दुसराही ठेवला. आजवर तिनं किती पोरं जगात आणली होती त्याचा हिशेब गावालाही ठाऊक नव्हता. पण हौसा तिची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन चार कोसांवर दिलेली. आता बाळंतपण तिचं होतं.

दुपारी त्याच गावात दवंडी पिटली गेली. ज्येष्ठ संपायच्या आत राजपुत्र या वाटेनं जाणार होता. वाटेवरच्या प्रत्येक गावाला वेस हवी. ज्या गावाला वेस नसेल, ते गाव राजाला गाव वाटणार नाही.

एका दिवसात आलेल्या या दोन बातम्या. गावानं त्यातली दुसरी मोठी मानली.

आधी हे गाव कसं होतं ते सांगायला हवं. पठारावर जवळजवळ वसलेली तीन गावं होती. एक तेल्यांचं, एक घोंगडी विणणाऱ्यांचं आणि एक सुईणीचं. तिन्ही गावांना निवडुंगाचं सारखंच कुंपण, सारखीच काळ्या दगडांची घरं. सुईणीच्या गावाला वेस अशी नव्हतीच. कुंपणात एक रुंद मोकळी जागा होती, आणि तिच्या पुढं वीस पावलं नदीतले गोल गोटे जमिनीत बसवलेले होते. कुणी बसवले, कशाला बसवले, हे कुणी विचारत नसे. त्यांच्यावरून बैलगाडी खडखडत जाई. पाहुणे हसत. गावातल्या मोठ्या माणसांना त्या गोट्यांची लाज वाटे.

गोटे कशाला आहेत हे भोयांना मात्र माहीत होतं.

पाच-पाच कोसांवर एखादी बाई अडली, मूल आडवं आलं, की तिला डोलीत घालून सुईणीकडे आणत. बांबूला बांधलेली झोळी, आणि खांद्यावर बांबू घेतलेले चार भोई. खांद्यावर माणूस असलेला भोई वर बघत नाही. पुढचा असतो तो जमीन बघतो आणि ओरडून सांगतो: खाली काटा, डावीकडं खड्डा, चढ आला. मागच्या तिघांना जमीनही दिसत नाही. ते त्याच्या शब्दावर पाय टाकतात. मार्गशीर्षापासून माघापर्यंत पठारावर असं धुकं उतरायचं, की हाताला हात दिसू नये. अशा सकाळी पायाखाली गोटे लागले की पुढचा भोई ओरडायचा, "गोटे आले!" आणि झोळीतली बाई, जिचा आवाजही उरलेला नसे, ती ते ऐकून एकदा श्वास सोडायची. सुईणीचं गाव आलं, हे तिला कळायचं.

एवढ्यासाठी ते गोटे होते. ज्यांनी बसवले त्यांनी डोली वाहिली असणार. ज्यांना लाज वाटत होती त्यांनी कधी वाहिली नव्हती.

दवंडीनंतर तिसऱ्या दिवशी एक व्यापारी आला. त्याच्यामागं मोठ्या चाकांच्या गाड्या होत्या, आणि गाड्यांत वेशी होत्या. तुकड्या-तुकड्यांत भरलेल्या, आधीच कोरलेल्या, आधीच रंगवलेल्या. त्यानं चावडीपुढं एक कमान जमिनीवर मांडून दाखवली.

"पाटीलबाबा, नीट बघा. हत्ती आहेत, कमळं आहेत, दोन मोर आहेत. पुढं घोटलेली फरशी, तीन पायऱ्या. तीन दिवसांत उभी करून देतो. चाळीस गावांनी बसवली. वरती ही जागा मोकळी सोडलीये, तिथं तुमच्या गावाचं नाव घालायचं, की झाली तुमची वेस."

"हे काय आहे?" एका पंचानं बोट दाखवलं.

"गलबत."

"आमच्याकडं समुद्र नाही."

"नसेना का. शोभा आहे ती."

पंचानं मान डोलावली. त्याला ते पटलं. शोभा म्हटल्यावर फार जणांना फार काही पटतं.

गावात एक म्हातारा पाथरवट होता. देवळातले खांब त्याच्या बापानं घडवले होते, पाण्याचं टाकं त्यानं स्वतः. पाटलानं रीत म्हणून त्याला बोलावलं.

"वेस घडवायला किती दिवस लावशील, म्हातारबा?"

"चार महिने."

चावडीवर हशा पिकला.

"तोवर राजपुत्र म्हातारा होईल!"

पाथरवट हसला नाही. "आधी मला आठ दिवस द्या. मी वाटेवर बाभळीखाली बसतो. कोण येतं, कसं येतं ते बघतो. मग सांगतो काय घडवायचं ते."

"वेस घडवायची आहे बाबा, सोयरीक जमवायची नाही," दुसरा पंच म्हणाला. "येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड कशाला बघायचं?"

"तोंड नाही. पाय बघायचे आहेत."

पुन्हा सगळे हसले. पण तेल्यांच्या आणि घोंगडीवाल्यांच्या गावात वेशी उभ्या करून यायला व्यापाऱ्याला आठ दिवस लागणारच होते, म्हणून पाटलानं म्हाताऱ्याला बसू दिलं. म्हातारा खरंच आठ दिवस बाभळीखाली बसला. नवव्या दिवशी तो चावडीवर आला.

"आठ दिवसांत पाच डोल्या आल्या," तो म्हणाला. "एकाही भोयानं मान वर केली नाही. एका डोलीबरोबर मुलीची आई होती, ती रडत होती. तिनंही वर बघितलं नाही. पाटील, आपल्या गावात हौसेनं कुणी येत नाही. जो येतो तो धावत येतो. त्याला वर काही नको. रुंद जागा हवी, गोटे हवेत, आणि डोली टेकायला खांद्याएवढा एक ओटा हवा. तो मी बांधतो. ही व्यापाऱ्याची वेस वाईट आहे असं मी म्हणत नाही. तेल्यांच्या गावाला ती चालेल. तिथं गिऱ्हाईक उन्हं वर आल्यावर येतं, रमत येतं, चार ठिकाणी विचारत येतं. आपल्याकडं तसं नाही."

"मग हत्ती कोण बघणार, असं तुझं म्हणणं?" पाटलानं विचारलं.

"हो."

"राजपुत्र बघेल."

"राजपुत्र एकदा येईल. डोल्या रोज येतील."

पाटलाला राग आला. खरं बोलणाऱ्याचा राग येणं सोपं असतं. तो म्हणाला, "शेजारच्या दोन्ही गावांत कमान उभी राहिली. आणि आपण काय दाखवायचं? गोटे? त्यांच्यावरून राजपुत्राचा घोडा घसरला तर मान कुणाची जाईल?"

तेवढ्यात सुईण तिथं आली. हात ओले होते, पदर खोचलेला होता. कुठल्या तरी घरून ती तशीच निघाली होती.

"काय बांधायचं ते बांधा," ती म्हणाली. "पण गोटे काढू नका."

"का?"

"भोयांना लागतात ते."

"म्हणजे आता भोयांसाठी वेस बांधायची?" पाटील म्हणाला, आणि सगळी चावडी हसली. काही जण तर गुडघ्यावर थाप मारून हसले.

सुईणीनं आणखी काही सांगितलं असतं. पण मागून एक पोरगी धावत आली. "आजी, चल लवकर, आईला पुन्हा कळ आली." सुईण गेली. ज्यांच्या हाताला काम असतं त्यांचं बोलणं चावडीवर नेहमी असंच अर्धं राहतं. ज्यांना काम नसतं ते निर्णय घेतात.

तीन दिवसांत कमान उभी राहिली. व्यापाऱ्याच्या माणसांनी पहारी घालून गोटे उपटले आणि ओढ्यात फेकले. तिथं घोटलेली फरशी बसवली, तीन पायऱ्या केल्या, जाड दारं लावली. तेल्यांच्या गावाला लावली तीच दारं. घोंगडीवाल्यांच्या गावाला बांधल्या त्याच पायऱ्या. नावाची जागा तेवढी रिकामी राहिली. कारण पाटलाचं म्हणणं होतं, की गावाच्या नावाबरोबर आपल्या वडिलांचंही नाव हवं, आणि पंचांना ते मान्य नव्हतं. शेजारच्या गावांतही असंच काहीसं झालं. त्यामुळे पठारावर तीन वेशी उभ्या राहिल्या, हुबेहूब सारख्या, आणि एकीवरही नाव नव्हतं. वेशींच्या जड गाड्यांनी जुन्या पायवाटांवर अशा खोल चाकोऱ्या पाडल्या, की कुठली वाट कुठं जाते तेही कळेनासं झालं.

राजपुत्र ठरल्या दिवशी आला. पालखीचे पडदे ओढलेले होते. आत तो झोपला होता.

मग डोल्या चुकू लागल्या. उजेडात फारसं बिघडत नसे. भोई चुकीच्या वेशीपाशी थांबायचे, कुणी सांगायचं, ते शिव्या देत पुढं निघायचे. पण उशीर व्हायचा. श्रावणात एक बाई तेल्यांच्या पायऱ्यांवरच बाळंत झाली. ती वाचली, पण थोडक्यात. सुईण पाटलाकडे गेली.

"पाटीलबाबा, वेस राहू द्या. पायऱ्या काढा, माझे गोटे परत बसवा."

"अगं, चुकलं तर विचारावं की माणसानं," पाटील म्हणाला. "तोंड कशाला दिलंय देवानं?"

"धुक्यात कुणाला विचारतील?"

"धुक्याचं धुक्यात बघू."

हे शब्द मी जसेच्या तसे लिहितो आहे. असे शब्द बोलणारा माणूस ते विसरतो.

सातव्या महिन्यात सुईण लेकीला माहेरी आणणार होती. सासरच्यांनी निरोप पाठवला की ज्वारी उभी आहे, हात कमी आहेत, कणसं खुडून झाली की पाठवतो. सुईणीनं स्वतः जायचं ठरवलं, दोनदा ठरवलं. दोन्ही वेळा कुणाची तरी डोली दारात आली. ज्या बाईनं चार-पाच कोसांवरून आलेल्या परक्यांच्या पोरी सोडवल्या, तिला चार कोसांवर स्वतःच्या पोरीकडे जायला सवड झाली नाही. निरोप मात्र ती पाठवत राहिली. खजूर खा. उजव्या कुशीवर निजू नको. पाण्याची घागर डोक्यावर घेऊ नको. नव्या वेशीचं तिनं काही कळवलं नाही. वेशीची गोष्ट निरोपात कोण घालतं?

मार्गशीर्षात, दिवस भरायला तीन आठवडे असताना, हौसाला कळा सुरू झाल्या. नवरा मेंढरं घेऊन लांब गेला होता. तिथल्या जाणत्या बाईनं पोटाला हात लावला आणि ती म्हणाली, "मूल आडवं आहे. हिच्या आईकडं न्या. आत्ताच्या आत्ता."

फटफटायला अजून बराच वेळ होता. चार भोयांनी डोली उचलली. सासू बरोबर निघाली. ती बिचारी सुनेच्या माहेरी कधी गेली नव्हती; विहीणबाईच्या दारी बोलावल्याशिवाय जायचं नाही अशी तिकडची रीत होती. भोयांमधला पुढचा, वयानं मोठा, या वाटेनं पूर्वी दोनदा आला होता. त्याला गोटे आठवत होते.

पठारावर चढले आणि धुक्यानं त्यांना गिळलं.

पुढचा भोई वाकून जमीन बघत होता. चाकोऱ्या सगळीकडं फुटल्या होत्या. त्यानं एक धरली. बऱ्याच वेळानं पायाखाली घोटलेली फरशी आली. "पायऱ्या!" तो ओरडला. त्यांनी डोली टेकली, बंद दारावर थापा मारल्या. आतून राखणदाराचा झोपाळू आवाज आला.

"कोण आहे? उन्हं येऊ देत की."

"सुईणीचं गाव का हे?"

"तेल्यांचं. सुईणीचं पुढं. डाव्या हातानं जा."

डाव्या हातानं गेले. पुन्हा पायाखाली फरशी, पुन्हा तीन पायऱ्या. इथं दार किलकिलं झालं आणि घोंगडी पांघरलेल्या एका म्हातारीनं डोकं बाहेर काढलं. "अरे माझ्या देवा! इथं नाही रे बाबांनो. असंच सरळ जा. जवळच आहे. कुंपण धरून जा."

कुंपण धरून गेले. सासू देवाचं नाव घेत होती. हौसा आता ओरडतही नव्हती. तिच्यावर गोधडी टाकलेली होती, आणि गोधडीखालून फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

तिसऱ्यांदा पायाखाली फरशी आली. तीन पायऱ्या आल्या.

पुढचा भोई थबकला. "आपण फिरून परत तिथंच आलो," तो म्हणाला. "हीच ती वेस."

"नाही हो दादा, पुढं चालत होतो की आपण," मागचा म्हणाला.

"मग ह्या पायऱ्या कुठल्या?"

झोळीतून हालचाल झाली. हौसानं गोधडी जराशी सारली. "काका, गोटे आले का?"

"नाही पोरी. फरशी आहे."

"आमच्या वेशीत फरशी नाही," ती म्हणाली. "गोटे आहेत. हे आमचं गाव नव्हे, काका. पुढं चला."

भोयानं तिचं ऐकलं. का ऐकू नये? ती त्या गावात जन्मली होती. लहानपणी ती त्या गोट्यांवर लंगडी घालायची. तिच्याहून जास्त कुणाला माहीत असणार? त्यांनी डोली उचलली, वळवली, आणि ती वेस पाठीमागं टाकून ते धुक्यात शिरले.

दाराच्या आत, शंभर पावलांवर, सुईण जागी होती. चुलीवर पाणी तापत होतं. तिच्या घरी पाणी नेहमीच तापत असे.

धुकं विरलं तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. गवत कापायला निघालेल्या बायकांना माळावर चार भोई उभे दिसले. डोली खाली ठेवलेली होती. एक म्हातारी डोलीशेजारी बसून स्वतःचे केस ओढत होती. त्या बायकांनी गावात हाक दिली, आणि सुईण धावली. तिनं आयुष्यभर अशा हाकांना धाव घेतली होती. गोधडी बाजूला सारून तिनं तोंड बघितलं. मग पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

थोरला भोई तिच्या पायाशी बसला. "आई," तो म्हणाला, "आम्ही तुझ्या वेशीतून परत गेलो."

सुईणीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती उठली.

तेराव्यानंतर पाटील आणि पंच तिच्या अंगणात आले. सगळे पांढरे कपडे घालून आले होते. पाटील घसा खाकरून म्हणाला, "सुईणआई, झालं ते वाईट झालं. नशिबापुढं कुणाचं चालतं? त्यात तसलं धुकं. आम्ही असं ठरवलंय, की वेशीवर नावाची जागा रिकामी आहे, तिथं हौसाचं नाव कोरायचं."

अंगणात गावातल्या बायका बसलेल्या होत्या. एकीनंही वर बघितलं नाही.

"धुकं दर वर्षी पडतं, पाटील," सुईण म्हणाली. पाटीलबाबा म्हणाली नाही. "माझ्या आजीच्या वेळीही पडत होतं. त्या धुक्यातून बायका इथवर येत होत्या आणि जिवंत परत जात होत्या. धुक्याला नावं ठेवू नका."

"मग आम्ही काय करावं?"

"माझ्या लेकीची डोली अजून माझ्या पडवीत आहे. उद्या सकाळी ती उचला. तुम्ही उचला. घाटाच्या तोंडापासून घ्या आणि आपल्या गावात आणून दाखवा."

"आम्ही?" एक पंच म्हणाला. "आम्ही काय भोई आहोत?"

"नाही," सुईण म्हणाली. "म्हणूनच सांगते."

त्यांना नाही म्हणता आलं नाही. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीला सुईणीनं हात दिलेला होता. दुसऱ्या दिवशी धुकं दाट होतं. पाटील पुढं, तीन पंच मागं. झोळीत सुईणीनं दळणाचं पोतं ठेवलं होतं, माणसाच्या वजनाचं. ती आणि पाथरवट मागून चालत होते.

शंभर पावलांत पाटलाची मान खाली गेली. दोनशे पावलांत त्याला फक्त स्वतःचे अंगठे दिसू लागले. मागचे तिघं त्याच्यावर खेकसत होते. "सांगा की, खाली काय आहे ते! ठेच लागली मला!" कमानीवर हत्ती आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. हत्ती कुठं आहेत हे कुणाला दिसत नव्हतं. अखेर पायाखाली गुळगुळीत फरशी आली. पाटलानं सुटकेचा श्वास टाकला, डोली पायऱ्यांवर आपटली आणि दारावर मूठ हाणली.

"उघड रे! मी पाटील आहे!"

आतून आवाज आला, "कुठल्या गावचे?"

पाटील पायाखालच्या पायऱ्यांकडं बघू लागला.

"तेल हवं असेल तर उन्हं आल्यावर या," आतला माणूस म्हणाला.

सुईण धुक्यातून पुढं आली. तिचा आवाज चढला नव्हता. "पाटील, आता त्या पोत्याच्या जागी तुमची लेक आहे असं समजा. आणि सांगा, आता कुणाला विचारायचं? तोंड कशाला दिलंय देवानं?"

पाटील पायऱ्यांवरच, त्या पोत्याशेजारी बसला.

त्याच दुपारी गावातल्या बायकांनी पहारी उचलल्या. कुणाची परवानगी घेतली नाही. त्यांनी फरशी उखडली, पायऱ्या फोडल्या, दारं काढून सरपणाला दिली. ओढ्यात उतरून पाटीपाटीनं गोटे वर आणले. कमान पाडायला त्यांना दोरखंड लागला तेव्हा काही पुरुष पुढं आले. मोर पडले, हत्ती पडले, गलबत पडलं. कुणी हळहळलं नाही.

पाथरवटानं मागितलं होतं तेवढं त्याला मिळालं. त्यानं चार महिने घेतले. आता कुणालाच घाई नव्हती. गोटे त्यानं पूर्वीपेक्षा दाट बसवले, वाट आणखी रुंद केली. बाजूला खांद्याएवढा ओटा बांधला, की डोली न वाकता टेकता यावी. ओट्याला एक लोखंडी कडं लावलं आणि त्यात घंटा अडकवली, हात सहज पोचेल इतक्या उंचीवर. वर काहीच बांधलं नाही. वर मोकळं आभाळ राहिलं.

पुढच्या मार्गशीर्षात धुक्यातून पहिली डोली आली. भोई ओरडला, घंटा वाजली, सुईण धावली. त्या बाईला मुलगी झाली. तिच्यानंतर कितीतरी आल्या. सुईण शेवटपर्यंत त्याच घरात राहिली आणि तिनं कुणालाही दारातून परत पाठवलं नाही. कुणा आईला पाहावं लागू नये ते तिनं पाहिलं होतं, पण तिनं आपले हात थांबवले नाहीत. हा तिचा मोठेपणा. गावाचा त्यात काही वाटा नाही.

व्यापाऱ्याचं काय झालं असं मुलं विचारतात. त्याचं काही झालं नाही. तो पुढच्या मुलखात गेला, तिथंही त्यानं वेशी विकल्या. ज्या गावांना त्या शोभल्या त्यांचं चांगलं झालं, ज्यांना शोभल्या नाहीत त्यांचं वाईट. त्यानं कुणावर जबरदस्ती केली नव्हती. निवडणाऱ्यांनी निवडली होती, आणि ज्यांना त्या वेशीतून आत यायचं होतं त्यांना निवडणाऱ्यांनी एका शब्दानं विचारलं नव्हतं. म्हणून माझा राग व्यापाऱ्यावर कमी आहे.

तात्पर्य एवढंच: दार तयार घ्या किंवा घडवून घ्या, पण ते आपल्याला कसं दिसतं हे बघून निवडू नका, ज्याला आत यायचं आहे त्याला ते सापडेल का, हे आधी बघा.

पाटील त्यानंतर बारा वर्षं जगला. रोज तो सुईणीच्या घरावरून देवळात जाई. तिची माफी त्यानं कधी मागितली नाही.